नळ, हापशी की जार? आधी विचारा, पाणी येते कुठून

लग्नाच्या मांडवात, बँकेत, तहसील कचेरीत आणि आता कापसाच्या शेतात धुऱ्यावरही वीस लिटरचा जार दिसू लागला आहे. केळापूर तालुक्यात घरी पाहुणा आला की ‘आरोचं पाणी आणा’ असे हळूच आत सांगितले जाते. घरच्या नळाचे पाणी पुढे करणे कमीपणाचे वाटते. विकतचे ते शुद्ध, फुकटचे ते अशुद्ध, असा हिशेब बहुतेक घरांत पक्का झाला आहे.

हा हिशेब अर्धवट आहे, कारण या भागात पिण्याच्या पाण्याचे धोके दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिला धोका जंतूंचा. तो वरून येतो, म्हणजे उघड्या गटारातून, फुटक्या पाइपातून, न धुतलेल्या हातातून, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत माणसाला आजारी पाडतो. कावीळ मात्र काही आठवडे घेते. दुसरा धोका फ्लोराईडचा. तो खालून, खडकातून येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि त्याचा परिणाम दिसायला काही वर्षे जावी लागतात. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे ‘नळ चांगला की जार’ या प्रश्नाला केळापुरात सरळ उत्तर नाही. नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे आणि जार भरला कुठे, हे आधी कळायला हवे.

खडकातून आलेले पाणी

यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, वणी-पांढरकवड्याच्या बाजूला, या बेसाल्टच्या थराखाली आणि शेजारी त्याहून जुने गाळाचे खडक आहेत. जुन्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबत. बोअरचे यंत्र आले आणि पाण्याचा शोध दोनशे-तीनशे फुटांपर्यंत गेला. खोलवरचे पाणी खडकाच्या फटींत फार काळ मुरलेले असते. त्या काळात खडकातील खनिजांमधला फ्लोराईड थोडाथोडा पाण्यात उतरतो. पाणी अल्कधर्मी असेल, त्यात सोडियम व बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असेल, तर तो अधिक उतरतो.

पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराईड किती आणि का, यावरचा भूशास्त्रज्ञांचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही ठिकाणचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट आढळले होते. म्हणजे हा प्रश्न नवा नाही आणि अफवाही नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावा. दुसरा कोणताच स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे. पण उष्ण प्रदेशात तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही, कारण माणूस पाणीच जास्त पितो. सावलीत बसून काम करणारा दोन लिटर पाणी पीत असेल, तर मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर असलेली बाई पाच लिटर पिते. पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराईड असेल तर पहिल्याच्या पोटात रोज ६ मिलिग्रॅम जाईल, दुसरीच्या पोटात १५. पाणी एकच असले तरी उन्हात राबणाऱ्याच्या वाट्याला विष अडीच पट येते.

इथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे पाणी जोखण्याची जुनी कसोटी म्हणजे डाळ शिजते का आणि साबणाला फेस येतो का. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते, फेस भरपूर येतो, चवही गोड लागते. पण फ्लोराईड जास्त असलेले पाणी पुष्कळदा नेमके असेच, कॅल्शियम कमी असलेले असते. स्वयंपाकघराच्या परीक्षेत पहिला आलेला बोअर प्रयोगशाळेत नापास होऊ शकतो.

दात आधी बोलतात

आपल्याकडे या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून झाले. गुरांचे पाय आखडतात, माणसांच्या पाठी ताठतात, आणि कारण विहिरीच्या पाण्यात आहे, हे तेव्हा पुढे आले. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्हा पुढे याच रोगासाठी देशभर ओळखला गेला.

कायमच्या दातांवरचे कठीण कवच जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. या काळात फ्लोराईड जास्त गेला की कवच बनवणाऱ्या पेशींचे काम बिघडते. कवच सच्छिद्र राहते. दात उगवतो तेव्हा त्यावर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे दिसतात, पुढे ते पिवळे आणि तपकिरी होतात. तंबाखूचा किंवा किडीचा डाग एखाद्या बाजूला असतो. फ्लोराईडचे पट्टे डाव्या आणि उजव्या बाजूच्या दातांवर सारखेच असतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. कारण तो दातावर बसलेला मळ नाही, दातच तसा घडला आहे.

समोरचे दात सहा-आठ वर्षांच्या मुलात दिसतात, पण त्यांचे बिघडणे ठरलेले असते ते मूल एक ते तीन वर्षांचे असताना. शाळेतल्या तपासणीत पट्टे दिसल्यावर पाणी बदलले तर हाडे वाचतात आणि अजून घडत असलेले दातही वाचतात. समोरचे चार मात्र तसेच राहतात. दातांमुळे हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी लग्नाच्या वयात काय सोसते, हे या भागातल्या घरांना वेगळे सांगायला नको.

शरीरात राहून गेलेला फ्लोराईड जवळजवळ सगळा हाडांत आणि दातांत साठतो. मूल वाढत असते म्हणून त्याची हाडे मोठ्यांपेक्षा जास्त फ्लोराईड धरून ठेवतात. वर्षानुवर्षे साठत गेला की हाडे क्ष-किरण चित्रात जास्त दाट दिसू लागतात, सांध्यांजवळचे बंध कडक होतात, हाताच्या पुढच्या भागातील दोन हाडांमधल्या पडद्यावर कॅल्शियमचा थर चढतो. माणसाची तक्रार मात्र साधी असते: पाठ धरली, मान वळत नाही, सकाळी उठताना अंग लाकडासारखे होते. ती संधिवात, वय किंवा कष्ट यांच्या खात्यावर टाकली जाते आणि वेदनाशामक गोळ्या सुरू होतात.

घरच्या घरी तीन साध्या हालचाली करून पाहता येतात. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाच्या बोटांना हात लागतो का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात मानेमागे नेऊन डोक्याला टेकवता येतात का? यांतले काही जमत नसेल तर लगेच फ्लोरोसिसच आहे असे नव्हे. पण माणूस फ्लोराईडच्या पट्ट्यात राहत असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे, कपाटातल्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत. फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. लघवीतील फ्लोराईडची तपासणी त्यातलीच.

हाडांत बसलेला फ्लोराईड झटपट बाहेर काढणारे औषध नाही. पाणी बदलणे हाच खरा उपचार. त्याच्या जोडीला आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व हवे: दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, आवळा, लिंबू. कुपोषित मुलाला तेच पाणी अधिक बाधते, म्हणून हा सल्ला शोभेचा नाही. चहाच्या पत्तीत मुळातच फ्लोराईड असतो. लहान मुलांना कोरा चहा देण्याची सवय फ्लोराईडच्या गावात तरी सोडलेली बरी.

नळ दोन प्रकारचे

नळ आला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मानण्याची चूक जशी होते तशीच नळाचे पाणी म्हणजे वाईटच, असे मानण्याचीही होते. नळ हा फक्त रस्ता आहे. धरण किंवा नदीच्या पाण्यावर चालणारी नळयोजना आणि गावच्या बोअरवर टाकी बांधून दिलेली नळयोजना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धरणात पावसाचे पाणी साठते. ते खडकात मुरलेले नसल्याने त्यात फ्लोराईड सहसा अगदी कमी असतो. बोअरवरच्या योजनेत मात्र जो फ्लोराईड हापशीला होता तोच तोटीतून घरात येतो. हापशीवरून नळावर आलेल्या गावाला सुधारणा झाल्यासारखे वाटते, पण हाडांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

धरणाच्या पाण्याचा धोका जंतूंचा. पाणी दिवसातून तास-दोन तास सुटते, एरवी पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात बाहेरचे पाणी खेचले जाते. पाइप गटाराच्या कडेने गेला असेल आणि सांधा गळका असेल, तर गटारातले पाणी आत येते. तोटी नसलेले नळ आणि नळाखाली खोदलेले खड्डे याच कामाला हातभार लावतात. पावसाळ्यातील गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांची वाट बहुधा हीच.

याला उत्तर स्वस्त आहे: क्लोरीन. ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी ब्लिचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकून अर्धा तास थांबले, तर बहुतेक रोगजंतू मरतात. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. तो ओटी चाचणीत पिवळ्या रंगाने दिसतो. टाकीजवळ रंग आला आणि गावाच्या टोकाला आला नाही, तर मधे कुठेतरी पाइप फुटला आहे असे समजावे. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे आणि ओलसर कोठीत पडून राहिले की तो उडून जातो, मग टाकीत पडते ती नुसती पांढरी माती. पाण्याला किंचित औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो वास म्हणजे पाण्याचा पहारेकरी जागा असल्याची खूण आहे.

जार आणि बाटली एक नव्हेत

विकतच्या पाण्याचे तीन प्रकार एकाच नावाने ओळखले जातात. पहिला, कारखान्यात भरून सीलबंद केलेली बाटली किंवा सीलबंद जार. दुसरा, गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या आरो केंद्रातून भरून येणारा, सील नसलेला थंड जार. तिसरा, स्वयंचलित यंत्रात नाणे टाकून मिळणारे पाणी, ज्याला लोक ‘पाण्याचे एटीएम’ म्हणतात.

भारतात बाटलीबंद पाण्याची सुरुवात १९६५ साली मुंबईत ‘बिस्लेरी’ने झाली आणि ते नाव पुढे सगळ्याच बाटल्यांना चिकटले. बाटलीबंद पाण्याला मानक ब्युरोचे प्रमाणपत्र २००१ पासून सक्तीचे झाले. २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने नामांकित बाटल्यांमध्येही कीटकनाशकांचे अंश दाखवले, त्यानंतर नियम कडक करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती काढण्यात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर अखेरीस अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याला ‘जास्त जोखमीचे अन्न’ या गटात टाकले. म्हणून आता बाटलीवर या प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि न फुटलेले सील या तीन गोष्टी पाहाव्यात. मानकाप्रमाणे भरलेल्या पाण्यात फ्लोराईड १ मिलिग्रॅमच्या आत असतो. प्रवासात किंवा पुराच्या दिवसांत अशी बाटली उपयोगाची आहे, यात वाद नाही.

रोजच्या वापरासाठी तिचा हिशेब मात्र बसत नाही. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून रोज किमान वीस लिटर पाणी लागते. लिटरची बाटली वीस रुपयांची धरली तर दिवसाला चारशे रुपये झाले. एवढा पैसा मजुराच्या घरात येतच नाही. शिवाय प्लास्टिकचा प्रश्न आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार सूक्ष्म प्लास्टिक कण सापडले. या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो यावर संशोधन चालू आहे. तरी पानटपरीबाहेर उन्हात तापत ठेवलेली बाटली घेऊ नये, एवढे आजही सांगता येते.

गावोगावी खपतो तो दुसरा प्रकार, सील नसलेला जार. आरोची पडदा-गाळणी चांगली असेल तर ती फ्लोराईड मोठ्या प्रमाणात काढते, हे खरे आहे. पण पडदा जुना होतो. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम फ्लोराईड आहे. नवा पडदा ९५ टक्के काढत असेल तर पाण्यात ०.४ उरेल. थकलेला पडदा ७५ टक्केच काढू लागला की २ उरेल, म्हणजे मर्यादेच्या वर. पाणी तेव्हाही तितकेच थंड, तितकेच नितळ आणि चवीला गोड असेल. ग्राहकाला काही कळणार नाही. तो आपल्या मुलाला सुरक्षित पाणी पाजतो आहे या समाधानात राहील.

दुसरी गोष्ट, आरोतून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. पहारेकरीच नसल्याने त्यानंतर जारमध्ये, तोटीला किंवा पेल्याला लागलेले जंतू मोकळे वाढतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे बोट गेले. महापालिकेने त्या भागातील खासगी आरो केंद्रांचेही पाणी तपासले. काहींचे नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि ती केंद्रे बंद करण्यात आली. आरोचे पाणी घेणारा सुरक्षितच, ही समजूत महानगरातही खरी ठरली नाही.

आरो केंद्राची आणखी एक बाजू कोणी पाहत नाही. जेवढे पाणी शुद्ध होते त्याच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त, पाणी नालीत सोडले जाते. काढलेला सगळा फ्लोराईड त्या पाण्यात असतो. ते बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवले, तर काढलेले पुन्हा जमिनीतच गेले.

जे उपाय वाटतात पण नाहीत

उकळणे हा जंतूंवर उत्तम उपाय आहे. फ्लोराईडवर तो उलटा पडतो. २ मिलिग्रॅमचे दहा लिटर पाणी आटून आठ लिटर झाले, तर वाफ गेली पण फ्लोराईड राहिला, आणि प्रमाण २.५ झाले. बाळासाठी म्हणून बोअरचे पाणी मुद्दाम वीस-वीस मिनिटे उकळणारी आई नकळत ते जास्त दाट करते.

टीडीएस मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार मिळून मोजते. ५०० मिलिग्रॅमच्या बेरजेत २ मिलिग्रॅम फ्लोराईड कुठे आहे, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. दारावर येऊन मीटरचा आकडा दाखवणारा विक्रेता जे दाखवतो त्याचा या दोन्ही धोक्यांशी संबंध नाही.

तांब्याचे भांडे, कँडलची गाळणी, निळ्या दिव्याचे यंत्र, क्लोरीनचे थेंब, माठ: यांतले काहीच फ्लोराईड काढत नाही. तुरटीबद्दल मात्र गैरसमज व्हायला जागा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराईड कमी करण्याची पद्धत काढली. ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात पाण्याच्या गुणधर्मानुसार तुरटी मोजून टाकतात, ढवळतात, गाळ बसू देतात आणि वरचे पाणी वेगळे करतात. गढूळ पाण्यात दोनदा तुरटी फिरवल्याने ते साधत नाही.

जारवर भरवसा ठेवणाऱ्या घरांत एक चूक हमखास होते. प्यायला जार आणि स्वयंपाकाला बोअर. भात शिजताना टाकलेले सगळे पाणी पितो. वरण, आंबील, चहा, कणीक, सगळ्यांत तेच पाणी. ग्लासातून बंद केलेला फ्लोराईड ताटातून येतो.

निवड कशी करावी

सगळ्या चर्चेचा अर्थ एका क्रमात मांडता येतो. आधी कमी फ्लोराईडचा स्रोत शोधावा, मग त्या पाण्यातले जंतू मारावेत. हा क्रम उलटा चालत नाही, कारण जंतू मारणे घरात काही पैशांत होते, फ्लोराईड काढणे होत नाही.

गावात धरणाच्या पाण्याचा नळ असेल तर तोच पहिली पसंती. ते पाणी गाळून, क्लोरीनचे थेंब बाटलीवर छापलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास झाकून ठेवावे, किंवा खळखळ उकळून घ्यावे. ते बहुतेक खुल्या जारपेक्षा भरवशाचे असेल. धरणाचे पाणी नसेल आणि गावात उथळ विहीर असेल, तर तिचे पाणी तपासून घ्यावे. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराईड पुष्कळदा कमी असतो, पण नेहमीच नाही. शेजारशेजारच्या दोन हापश्यांच्या पाण्यातही फरक निघतो, म्हणून प्रत्येक स्रोताचा अहवाल वेगळा लागतो. विहिरीत कमी निघाला तर तिला कठडा, झाकण आणि नियमित टीसीएल द्यावे. छतावरचे पावसाचे पाणी जवळजवळ फ्लोराईडमुक्त असते. ते स्वच्छ टाकीत साठवता आले तर काही महिन्यांची सोय होते, विहिरीत सोडले तर तिचे पाणी सौम्य होते.

दोन्ही नसेल आणि आरो केंद्राचेच पाणी घ्यावे लागत असेल, तर चालकाला दोन कागद मागावेत: शुद्ध केलेल्या पाण्याचा गेल्या सहा महिन्यांतला फ्लोराईड अहवाल आणि जंतूंचा अहवाल. पडदा कधी बदलला, हेही विचारावे. जार धुण्याची जागा डोळ्यांनी पाहावी. घरी आणल्यावर त्यात पेला बुडवू नये, तोटी किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

कमी फ्लोराईडचे पाणी थोडेच मिळत असेल तर वाटपही शहाणपणाने करावे. पहिला हक्क आठ वर्षांखालील मुलांचा आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या आईचा. दुसरा वरण-भाताच्या भांड्याचा. त्यानंतर बाकीच्यांचा. आंघोळ, धुणे आणि भांडी बोअरच्या पाण्यावर बिनधास्त करावीत, कातडीतून फ्लोराईडचा त्रास होत नाही. तान्ह्या बाळासाठी निसर्गाने सोय केलेली आहे. आई जास्त फ्लोराईडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराईड अत्यल्प उतरतो. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे हा सल्ला या तालुक्यात दुप्पट मोलाचा आहे. बोअरच्या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर आणि सहा महिन्यांनंतर त्याच पाण्यात शिजवलेली पेज मात्र हे संरक्षण घालवते.

कोलाम पोडावर किंवा तांड्यावर एकच हापशी असते, तिथे निवडीचा उपदेश पोकळ ठरतो. तिथे फ्लोराईड काढणारे संयंत्र किंवा दुरून आणलेले पाणी ही सरकारची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. संयंत्र बसवून भागत नाही. त्याला वीज, माणूस, रसायन आणि दुरुस्तीचा पैसा लागतो. यातले एक तुटले तरी लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा हापशीवर असतात, आणि कागदावर मात्र गाव सुरक्षित राहते.

तपासणीसाठी फार धावपळ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत पाणी तपासले जाते. फ्लोराईडसाठी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर नमुना पुरतो. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचात फ्लोराईडची चाचणीही असते. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीला पाण्याच्या जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ते कार्ड प्रामुख्याने स्रोताभोवतीची स्वच्छता आणि क्लोरीन यांवर ठरते. हिरवे कार्ड मिळालेल्या गावातही फ्लोराईडचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

तो विचारायची जागा ग्रामसभा आहे. गावात पाण्याचे स्रोत किती, प्रत्येकात फ्लोराईड किती, तपासणीची तारीख कोणती, एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवायला एका दिवसाची मजुरी पुरते. ज्या हापशीचा आकडा दीडच्या वर आहे तिच्यावर लाल पट्टा मारावा. मग अक्षर न येणारी आजीसुद्धा नातवासाठी पाणी भरताना गुंड दुसऱ्या हापशीखाली लावेल.